विचारा की : दूध वीस मिनिटांचं, जागरण दीड तासाचं

या महिन्यात तान्ह्या बाळांच्या रात्रींबद्दल इतकी पत्रं आली की सगळं सदर त्यांनाच दिलं आहे. पत्रं आटोपशीर केली आहेत आणि नावं काढली आहेत. पावसाळा आहे, लंगोट वाळत नाहीत, रात्री लाईट कधी जाईल याचा नेम नाही. ते सगळं धरूनच उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : बाळ दीड महिन्याचं आहे. संध्याकाळी सातपासून सारखं अंगावर असतं आणि रात्री दर दोन तासांनी उठतं. शेजारच्या काकू म्हणतात, तुला दूध पुरत नाही, रात्री एक बाटली पावडरीची दे, सकाळपर्यंत झोपेल. देऊ का?
– एक आई, खानापूर

उत्तर : दूध पुरतं की नाही हे झोपेवरून कळत नाही, लंगोटावरून आणि वजनावरून कळतं. चोवीस तासांत सहा किंवा त्याहून जास्त लंगोट चांगले ओले होत असतील, लघवी पाण्यासारखी फिकट असेल आणि आठवड्याला १५० ते २०० ग्रॅम वजन वाढत असेल तर दूध पुरतंय. मोजताना पावसाळ्यात एक गफलत होते. गारठा म्हणून दोन-तीन लंगोट एकावर एक बांधतात किंवा डायपर लावतात, मग कितीदा शू झाली ते कळतच नाही. दोन दिवस एकेकच सुती लंगोट बांधा आणि प्रत्येक बदलाला भिंतीवरच्या कॅलेंडरवर रेघ ओढा.

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. तुमची शेवटची भेट आत्ताच असेल. त्यांच्याकडून वजन करून घ्या, पण कुंची, स्वेटर, दुपटं सगळं काढून; नाहीतर बाळाऐवजी कपड्यांचं वजन कार्डावर चढतं. तायी कार्ड, म्हणजे आई-बाळाच्या नोंदींचं सरकारी कार्ड, कानडीत असलं म्हणून बाजूला ठेवू नका. वाढीचा आलेख रंगीत असतो. तुमच्या बाळाचे ठिपके हिरव्या पट्ट्यात आहेत का आणि रेघ वर चढते आहे का, एवढं पाहा. रेघ आडवी पडली तर डॉक्टरांकडे जा.

आता दोन तासांचं. आईचं दूध दीड-दोन तासांत पचतं. या वयात दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजणं हा नेहमीचा हिशेब आहे. दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त पाझरतं, म्हणून रात्रीचं पाजणं दुसऱ्या दिवशीच्या दुधाची सोय करत असतं. त्या जागी बाटली दिली की छाती भरलेली राहते, शरीराला वाटतं मागणी कमी झाली, आणि ते दूध कमी करतं. आठ-दहा दिवसांत काकूंचं म्हणणं खरं ठरतं, कारण आपणच ते खरं केलेलं असतं.

संध्याकाळची रडारड बहुतेक बाळांत सहाव्या आठवड्याच्या सुमारास कळसाला पोचते आणि तीन-चार महिन्यांत ओसरते. त्या वेळात आलटून पालटून दोन्ही बाजूंना पाजा, मधे घरातल्या दुसऱ्या कुणीतरी छातीशी उभं धरून फेऱ्या माराव्यात. ग्राइप वॉटर नको. हिरवी उलटी, शौचात रक्त किंवा टम्म फुगलेलं पोट दिसलं तर मात्र ती नेहमीची रडारड नव्हे. त्याच दिवशी दाखवा.

प्रश्न : बाळ दोन महिन्यांचं, सिझेरियन झालं आहे. रात्री दोनला उठतं, परत झोपेपर्यंत साडेतीन वाजतात. डोळा लागतो तोवर चारला पुन्हा. रात्रीचं दूध कधी बंद करता येईल?
– शहापूर, बेळगाव

उत्तर : दोन महिन्यांत बंद करायचं नाही. पण तुमच्या दीड तासात दुधाची मिनिटं किती, ते एका रात्री घड्याळ लावून पाहा. बहुतेक घरांत पाजणं वीस मिनिटांत होतं. उरलेली सत्तर मिनिटं आपण वाढवलेली असतात : ट्यूबलाईट लावणं, कोरडा लंगोट शोधणं, गरम पाणी आणायला स्वयंपाकघरात जाणं, ढेकर येईना म्हणून अर्धा तास पाठ थोपटणं, आणि सगळ्यांचं बाळाशी बोलणं. दूध कमी करायचं नाही, ही कामं कमी करायची.

झोपण्याआधी उशाशी एक ताट भरून ठेवा. त्यात चार कोरडे लंगोट, दोन बाळोती, कापसाचे बोळे, झाकणाच्या डब्यात उकळून गार केलेलं पाणी, एक झबलं, आणि तुमच्यासाठी तांब्याभर पाणी व एखादा डिंकाचा किंवा अळिवाचा लाडू. (कुंदा ठेवलात तरी आमची हरकत नाही, पण हात चिकट होतात.) पावसाळ्यात सर्द लंगोट बांधला की बाळ पाच मिनिटांत कुरकुरतं, म्हणून संध्याकाळी लंगोटांवर इस्त्री फिरवून मगच ताटात ठेवा. उजेडाला झिरोचा पिवळा बल्ब, तोही बाळाच्या डोळ्यांसमोर नको, पायांच्या बाजूला खाली. लाईट गेली तर बॅटरी भिंतीकडे तोंड करून ठेवा. मोबाईलचा टॉर्च नको. टॉर्च लावायला फोन हातात घेतला की आपण मेसेज वाचत बसतो.

दोनला हालचाल झाली की लगेच उचलू नका, मिनिटभर थांबा. तान्ह्या बाळाची जवळजवळ निम्मी झोप चळवळी असते. त्यात बाळ कण्हतं, हातपाय झाडतं, तोंड वाकडं करतं, कधी डोळेही किलकिले करतं, आणि तरी झोपलेलंच असतं. अशा वेळी उचललं तर आपणच त्याला जागं करतो. भुकेची खूण वेगळी : मान वळवून तोंडानं शोधणं, मूठ चोखणं, जीभ बाहेर काढणं. ती दिसली की रडू फुटायच्या आत घ्या. रडलेल्या बाळाला आधी शांत करावं लागतं, त्यात दहा मिनिटं जातात आणि स्तन नीट पकडलंही जात नाही.

लंगोट बदलायचा तो मधे, म्हणजे एक बाजू पाजून झाल्यावर आणि दुसरी देण्याआधी. आधी बदलला तर भुकेलं बाळ किंचाळतं, शेवटी बदलला तर झोपलेलं उठतं. नुसता थोडा ओला असेल आणि त्वचा लाल नसेल तर एखाद्या खेपेला तसाच राहू द्या. शी झाली असेल तर मात्र बदलायलाच हवा. ढेकरीसाठी खांद्यावर घेऊन दोन ते पाच मिनिटं पुरे. अंगावर पिणारी बाळं हवा कमी गिळतात, प्रत्येक वेळी ढेकर येतेच असं नाही.

टाक्यांमुळे बसून पाजणं जड जात असेल तर कुशीवर झोपून पाजायला शिका, फक्त पहिल्यांदा ते दिवसा करून पाहा. डाव्या कुशीवर वळा, पाठीमागे लोड घ्या, गुडघ्यांमध्ये उशी. बाळ चटईवर किंवा घट्ट गादीवर, तुमच्याकडे तोंड करून, त्याचं पोट तुमच्या पोटाला लागलेलं आणि नाक स्तनाग्रासमोर. ओठांना स्तनाग्र लावा. तोंड मोठं उघडलं की उजव्या हातानं पाठीला आधार देऊन जवळ ओढा. मान किंवा डोकं दाबू नका. नुसतं टोक नव्हे, भोवतीचा काळसर भागही तोंडात जायला हवा. टोकच धरलं तर भेगा पडतात आणि दूध कमी निघाल्यानं पाजणं लांबतं. चाळीस मिनिटं चोखून बाळ अर्धपोटी राहतं ते याचमुळे.

‘झोपून पाजलं की कानात दूध जातं’ हे तुम्हीही ऐकलं असेल. ओघळ बाहेरून कानात गेला तरी पडद्यापुढे जात नाही, पुसून घ्या. कान फुटण्याचा धोका असतो तो बाळाला सपाट उताणं ठेवून तोंडात बाटली टेकवून दिली तर, कारण घशातून मधल्या कानाकडे जाणारी नळी या वयात आखूड आणि आडवी असते.

पाजताना तुमचा डोळा लागणार, हे गृहीत धरूनच जागा तयार ठेवा. गादी घट्ट हवी. बाळाच्या तोंडाजवळ उशी, गोधडी, तुमचा पदर किंवा मोकळे केस नकोत. भिंत आणि गादी यांच्यात फट नको. सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत पाजताना झोप लागणं सगळ्यात धोक्याचं. पाजून झालं की बाळाला शेजारी त्याच्या वेगळ्या गादीवर, पाठीवर झोपवा.

दिवसाचंही थोडं : सात वाजता खिडकी उघडून बाळाला उजेडात घ्या, पावसाचं झाकोळ असलं तरी चालतं. दिवसा घरातले आवाज चालू राहू द्यात आणि सलग तीन तासांपेक्षा जास्त झोपू देऊ नका. दिवस-रात्र कळण्याचं बाळाचं स्वतःचं घड्याळ दोन-तीन महिन्यांत लागू लागतं, म्हणजे तुमच्या घरी ते आत्ताच सुरू होतंय.

प्रश्न : नात बारा दिवसांची, जन्मवजन २ किलो २००. पाच-पाच तास झोपते, गुणी आहे. झोपलेल्या बाळाला उठवू नये म्हणतात, खरं का?
– येळ्ळूर

उत्तर : या नातीला उठवायलाच हवं. अडीच किलोच्या आतल्या आणि दिवसांआधी जन्मलेल्या बाळाला भूक लागली तरी रडायची ताकद नसते. दूध पोटात गेलं नाही की साखर उतरते, मग ते आणखी पेंगतं. दिवसा दर दोन तासांनी, रात्री दर तीन तासांनी पाजा. दुपटं काढा, लंगोट बदला, तळपाय चोळा, आईच्या उघड्या छातीशी धरा. चोखता चोखता झोपली तर आईनं स्तन हातानं हलकेच दाबून दुधाची धार चालू ठेवावी. तरी पेंगत असेल तर दूध काढून वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं पाजा. दिवसभर जितका वेळ जमेल तितका तिला आई, बाबा किंवा तुम्ही उघड्या छातीशी, नुसतं लंगोट-टोपडं घालून, वरून पातळ शाल घेऊन धरा. त्याला कांगारू पद्धत म्हणतात, आणि कमी वजनाच्या बाळाला तिच्याइतकी ऊब दुसरं काही देत नाही. आपल्याला झोप यायला लागली तर मात्र बाळ दुसऱ्याकडे द्यावं.

चौदाव्या दिवसापर्यंत वजन जन्माइतकं परत यायला हवं. उठवूनही उठत नसेल, दोन वेळा ओळीनं दूध घेतलं नसेल, मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास पडत असतील, छाती आत ओढली जात असेल, तळहात-तळपायापर्यंत पिवळेपणा उतरला असेल, काखेतला ताप ३७.५ अंश सेल्सिअस किंवा जास्त असेल किंवा अंग गार लागत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि जाताना बाळ छातीशीच धरून न्या.

प्रश्न : सून गुटी नको म्हणते, वेखंड नको, शेगडी नको. राईची उशीसुद्धा काढून ठेवली. मी पाच पोरं वाढवली की. आमचं काय चुकलं?
– एक आजी, चिक्कोडी भाग

उत्तर : आजी, तुमचं पुष्कळ बरोबर होतं. बाळंतिणीला सव्वा महिना कामाला हात लावू न देणं, तेल लावून कोमट पाण्याची आंघोळ, आंघोळीनंतर पाजून झोपवणं, यातलं काही सोडायला सांगणार नाही. तेल नाकात-कानात मात्र सोडू नका. दृष्टही खुशाल काढा. मीठ-मोहऱ्या टाकायची चूल तेवढी बाळाच्या खोलीत नको.

शेगडीचं सुनेचं ऐका. दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत कोळसा जळाला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो रक्तात प्राणवायूची जागा घेतो आणि माणूस झोपेतच बेशुद्ध होतो. बाळ ‘शेकल्यावर छान झोपलं’ असं वाटतं, ती झोप नसेलही. ओव्या-शेपांची धुरीही श्वासनळीला नको. ऊब हवी तर अंगावर आपल्यापेक्षा एक कपडा जास्त घाला. मानेमागे हात लावून बघा. घाम असेल तर कपडे जास्त झाले. घरात झोपताना कुंची काढून ठेवा, ती घसरून तोंडावर येते.

गुटीत मुरडशेंग, हिरडा, वेखंड, जायफळ, अतिविष असं सगळं सहाणेवर उगाळतात. कुणी दोन वळसे देतं, कुणी सात. सहाण खरखरीत असेल तर दोन वळशांतही चारांचं उतरतं. म्हणजे किती पोटात गेलं याला मापच नाही. जायफळानं गुंगी येते आणि जास्त झालं तर उलट छाती धडधडते. वेखंड, ज्याला कानडीत बजे म्हणतात, पोटात गेलं तर तान्ह्या बाळांना थांबत नाहीत अशा उलट्या होऊ शकतात. मनगटात बांधलेली वेखंडाची कांडीसुद्धा बाळ चोखतं. मधाचं बोट वर्षाच्या आत अजिबात नको; त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. सहा महिने नुसतं आईचं दूध, वरून पाण्याचा थेंबही नको.

राहिली राईची उशी. डोकं गोल व्हावं हा तुमचा हेतू, पण मऊ सरकत्या उशीत बाळानं मान वळवली की नाक दबतं. त्याऐवजी एका रात्री डोकं उशाकडे, दुसऱ्या रात्री पायथ्याकडे करा; बाळ उजेडाकडे किंवा आईकडे मान वळवतं, आणि आपोआप दोन्ही बाजू दाबल्या जातात. जागेपणी, तुम्ही समोर असताना, दिवसातून तीन-चार वेळा दोन-तीन मिनिटं पालथं घाला. डोक्याला आकार येतो आणि मानही धरते. हे काम आजीनंच करावं, तुमच्याइतका वेळ घरात कुणाला आहे?

प्रश्न : बाळ झोळीतच झोपतं. गादीवर ठेवलं की दोन मिनिटांत डोळे उघडतात. रात्री मी आणि सासूबाई पाळीपाळीनं दोरी ओढत बसतो.
– अनगोळ

उत्तर : साडीच्या झोळीत बाळ धनुष्यासारखं वाकतं आणि हनुवटी छातीला टेकते. तीन-चार महिन्यांपर्यंत मान धरलेली नसते, श्वासनळी मऊ असते. तशा वाकण्यानं ती दबते, आणि साडीची घडी नाकावर येते ती वेगळीच. म्हणून झोळी डुलकीपुरती, कुणीतरी समोर बसलेलं असताना. रात्रभरासाठी नाही. लाकडी पाळणा चालेल, तळ सपाट आणि कडक असेल तर.

गादीवर ठेवताच उठतं याची कारणं तीन. पहिलं, आपण घाई करतो. या वयाचं बाळ आधी चळवळ्या झोपेत शिरतं. पापण्या थरथरतात, गालात हसू येतं, मूठ आवळलेली असते. वीसेक मिनिटांनी खरी गाढ झोप लागते. हात उचलून सोडून बघा. चिंधीसारखा पडला तर वेळ झाली. दुसरं, आपण डोकं आधी टेकवतो. त्यानं बाळाला पडल्यासारखं वाटतं आणि ते दोन्ही हात पसरून दचकतं. आधी कुल्ले, मग पाठ, शेवटी डोकं असं उतरवा आणि तळहात छातीवर दोन मिनिटं तसाच ठेवा. हातातली ऊब एकदम काढायची नाही. तिसरं, गादी गार असते. दुपटं आधी आपल्या पोटाशी धरून ऊबदार करा आणि त्यावर ठेवा.

ही झाली आजची रात्र. सवय मोडायला आठवडा-दोन आठवडे धरा. पहिले तीन दिवस डोळे पूर्ण मिटायच्या आत दोरी थांबवा. पुढचे तीन दिवस झोके निम्मे करा आणि अर्धवट झोपेतच गादीवर घ्या, वरून थोपटा. दिवसाच्या पहिल्या झोपेपासून सुरुवात करा, तेव्हा बाळ दमलेलं नसतं. रात्री दोन वाजता हा प्रयोग करायला गेलात तर दोन मिनिटांत दोरी हातात येईल. आणि एकानं गादी, दुसऱ्यानं झोळी असं चालवू नका. आधी सासूबाईंशी ठरवा.

प्रश्न : मी मिश्री लावते, घरात विड्या वळायचं काम आहे. बाळ अडीच महिन्यांचं, रात्रभर किरकिरतं. मिश्रीचा काही संबंध असेल का?
– निपाणी

उत्तर : असू शकतो, आणि विचारलंत ते फार बरं केलंत. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. हिरड्यांतून निकोटीन रक्तात आणि तिथून दुधात उतरतं. त्यानं बाळाची झोप तुटक होते. म्हणून पाजणं सोडू नका, मिश्री सोडा. मिश्रीसकट आईचं दूधही वरच्या दुधापेक्षा बरं. एकदम सुटत नसेल तर पाजून झाल्याबरोबर लावा, पाजायच्या आधी नको. दुधातलं निकोटीन पहिल्या दोन-तीन तासांत जास्त असतं. संध्याकाळनंतरची मिश्री सगळ्यात आधी तोडा. शौचाला होत नाही म्हणून पुष्कळ जणी सकाळची मिश्री धरून ठेवतात; त्याजागी उठल्याबरोबर दोन पेले कोमट पाणी आणि रात्री भिजवलेले मनुके घ्या. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी फोन मोफत आहे.

विड्यांचं सूप बाळाच्या खोलीत ठेवू नका. काम झालं की साबणानं कोपरापर्यंत हात धुवा आणि अंगावरची साडी बदलूनच पाजा, पदरात तंबाखूची पूड असते. घरात कुणी विडी ओढत असेल तर त्यानं बाळाशेजारी एका अंथरुणावर झोपू नये, बाहेर ओढून आला तरी.

प्रश्न : मी उद्यमबागेत फौंड्रीत आहे, शिफ्ट बदलत असते. बाळ सहा आठवड्यांचं, वजन साडेचार किलो. बायको पार थकली आहे, मधेच रडते. दूध तर तीच पाजणार, मग मी काय करू?
– बेळगाव

उत्तर : तिला सलग चार-साडेचार तास झोप द्या. तुकड्यातुकड्यांत सात तास झोपण्यापेक्षा ही झोप अंगी लागते. दुसरी शिफ्ट नसेल त्या आठवड्यात तिनं साडेआठला पाजून वेगळ्या खोलीत झोपावं, एकपर्यंत बाळ तुमचं. मधलं एक पाजणं तुम्ही काढून ठेवलेल्या दुधावर निभवा. साडेचार किलोच्या बाळाला एका वेळी साधारण ८० ते ९० मिली लागतं.

दूध हातानं काढता येतं, पंप लागतोच असं नाही. साबणानं हात धुऊन अंगठा वर, बोटं खाली, स्तनाग्रापासून तीन-चार सेंटिमीटर मागे. आधी छातीच्या दिशेनं आत दाबायचं, मग बोटं एकमेकांकडे, मग सोडायचं. कातडीवरून बोट घासत पुढे आणायचं नाही, त्यानं दुखतं आणि दूधही येत नाही. तीन-चार मिनिटांनी बाजू बदलायची. सगळं मिळून वीस-तीस मिनिटं. सकाळच्या पहिल्या पाजण्यानंतर दूध जास्त निघतं. पहिल्या दिवशी २० मिली निघालं तर निराश होऊ नका, चार-पाच दिवसांत वाढतं.

दहा मिनिटं उकळलेल्या झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. बाहेर चार तास टिकतं. फ्रिजमध्ये मागच्या बाजूला ठेवलं तर चोवीस तासांत वापरून टाका. जास्त टिकतं, पण लाईट जाण्याचे दिवस आहेत. लाईट गेली तर फ्रिज उघडू नका. द्यायच्या वेळी डबा कोमट पाण्यात ठेवायचा, गॅसवर नाही. वाटी-चमच्यानं, बाळाला अर्धवट बसतं धरून, ओठाच्या कडेला वाटी टेकवून त्याला स्वतः जिभेनं ओढू द्या. घशात ओतलं तर ठसका लागतो. उरलेलं परत ठेवायचं नाही.

डॉक्टरांनी पावडर सांगितली असेल तर मापात चूक करू नका. बहुतेक डब्यांवर ३० मिली पाण्याला एक सपाट चमचा असतो, तरी आपल्या डब्यावरचं वाचा. आधी पाणी, मग पावडर. पातळ केलं तर वजन वाढत नाही, घट्ट केलं तर बाळाच्या मूत्रपिंडांवर ताण येतो. पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत, गरम असतानाच पावडर घाला, कारण पावडर निर्जंतुक नसते; मग भांडं गार पाण्यात धरून कोमट करा. केलेलं दूध दोन तासांनंतर टाकून द्यायचं. कंपनीचं नाव विचारू नका. १९९२ च्या कायद्यानं अशा दुधाच्या जाहिरातीला बंदी आहे, आणि आम्हालाही ते पटतं.

रात्रपाळीच्या आठवड्यात हे जमणार नाही. तेव्हा सकाळी आल्यावर झोपण्याआधी दोन तास बाळ घ्या : आंघोळ, लंगोट, कोवळ्या उजेडातल्या फेऱ्या. फौंड्रीतून आल्यावर आधी आंघोळ आणि कपडे बदलणं हे वेगळं सांगायला नको.

तिच्या रडण्याचं हलकं घेऊ नका. बाळंतपणानंतरचे पहिले आठ-दहा दिवस मन भरून येतंच. दोन आठवड्यांच्या पुढे रडणं, बाळ झोपलेलं असतानाही झोप न लागणं, जेवण नकोसं होणं, ‘मी चांगली आई नाही’ असं म्हणणं चालू असेल तर तो आजार आहे आणि उपचारानं बरा होतो. सहा आठवडे झाले आहेत, तेव्हा याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. स्वतःचं किंवा बाळाचं बरंवाईट करण्याचा विचार बोलून दाखवला तर तिला एकटं सोडू नका, त्याच क्षणी दवाखाना गाठा.

प्रश्न : बाळ चार महिन्यांचं. तिसऱ्या महिन्यात रात्री पाच तास झोपायचं, आता परत दर दोन तासांनी उठतं. तांदळाची पेज सुरू करू का?
– अथणी

उत्तर : नको, सहा महिने पूर्ण होऊ द्यात. पातळ पेजेत दुधापेक्षा कमी ताकद असते. पोट पाण्यानं भरतं आणि दूध मागे पडतं. चार महिन्यांच्या आसपास झोपेची घडण मोठ्यांसारखी होऊ लागते आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी बाळ जवळजवळ जागं होतं. शिवाय दिवसा आता त्याचं लक्ष विचलित होतं, चार घोट घेऊन ते पंख्याकडे बघत बसतं आणि दिवसाची भूक रात्री काढतं. दिवसा शांत, अर्ध्या अंधाऱ्या खोलीत पाजा. झोपायला ठेवताना कधीतरी पेंगुळलेलं पण जागं असं गादीवर ठेवून पाहा. हे दोन ते सहा आठवडे चालतं.

बाळ कुशीवर वळायला लागलं असेल तर दुपट्यात हात बांधून गुंडाळणं आजपासून बंद करा. पालथं पडल्यावर हात मोकळे नसतील तर तोंड वर काढता येत नाही. आणि पलंगावर एकटं ठेवत असाल तर गादी आता जमिनीवर घ्या.